तात्यांच्या रेडिओतला डायोड

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो की ओठांपर्यंत यायचं — आणि मग मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायचो. पोराची नोकरी, बायकोचे गुडघे. प्रसाद घ्यायचो आणि बाहेर पडायचो. देवासमोरही बोलायची भीती वाटावी, असं काय केलं असेल या माणसानं? तुम्हाला वाटेल, कुणाच्या जिवावर उठला असेल. तसं नाही हो. एका म्हाताऱ्या माणसाच्या रेडिओत मी चुकीचा डायोड घातला. एवढंच. — एवढंच असतं तर हे सांगायची वेळ आली नसती.

मी दिनकर. राहणारा आंबवड्याचा, दुकान भोरला, एसटी स्टँडच्या अलीकडं. आता दुकानात काचेमागं मोबाईलची कव्हरं लटकतात आणि दिवसभर चार्जर विकतो, पण माझा हात खरा रेडिओवर बसलेला. आमच्या भागात जुना रेडिओ दुरुस्त करणारा दुसरा कुणी उरलेला नाही. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या कणगीमागून निघालेले सेट माझ्याकडं येतात. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. — नाही, खोटं कशाला? मोठेपणा वाटायचाच. तोच तर सगळ्याच्या मुळाशी आहे.

आणि तात्या. तात्या म्हणजे आमच्या गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. माझ्या वडिलांच्या बरोबरीतले, थोडे लहान. चार खंडी भाताची जमीन, दोन म्हशी, आणि पखवाज. बोटं शेतकऱ्याची, जाड, नखांत माती — पण पखवाजाच्या काळ्या शाईवर पडली की असं वाटायचं, हा माणूस कातड्याला मारत नाहीये, त्याच्याशी बोलतोय. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. वरंध्याच्या बाजूला, पार हिर्डोशीपर्यंत. एसटी नसली तर खांद्याला पखवाज अडकवून चालत जायचे. मी त्याच मंडळात मागच्या ओळीत टाळ वाजवायचो. टाळ का, पखवाज का नाही — ते सांगतो. पण आत्ता नाही. ते सांगायला जरा वेळ लागेल मला.

तात्यांकडं लाकडी खोक्याचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. गावात सगळ्यांच्या घरी टीव्ही आला, मग खिशात मोबाईल आले, तरी त्यांचा रेडिओ चालूच. संध्याकाळी म्हशींचं आटोपलं की ओसरीवर बसायचे, रेडिओवर मीडियम वेव्हला पुणे लावायचे. भजन, अभंग, कधी शास्त्रीय गाणं. मांडीवर पखवाज नसला तरी गुडघ्यावर बोटं चालायची. ते म्हणायचे, गाणाऱ्याला सगळं जग ऐकतं, म्या मागं वाजवनाऱ्याला ऐकतो. मागं कुणी हलकी थाप मारली, कुठं नुसतं बोट टेकवून सोडलं — ते त्यांना कळायचं. त्यांचा गुरू असा कुणी नव्हताच. हा रेडिओच गुरू.

एकदा तो रेडिओ खरखर करायला लागला. तात्या सकाळच्या एसटीनं भोरला आले, पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दिनकरा, बघ बाबा. जपून." आणि बाजाराला गेले.

काम काहीच नव्हतं. आवाजाच्या बटणातली धूळ, आणि एक तार सुटत आलेली. धूळ काढली. तारेला सोल्डरचा डाग द्यायला घेतला — आणि तेवढ्यात फोन वाजला. पानशेतच्या साहेबांचा. हे साहेब पुण्याचे; धरणाकाठी त्यांचा बंगला आहे आणि बंगल्यात जुन्या रेडिओंचा संग्रह. मोठमोठे व्हॉल्व्हचे सेट, शोकेसमध्ये मांडलेले. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं सगळं काम माझ्याकडं. ते मला 'मास्टर' म्हणायचे. पाहुण्यांसमोर खांद्यावर हात ठेवायचे. तर त्यांचा फोन. मी मान वाकडी करून मोबाईल खांद्याशी धरला आणि बोलत बोलत डाग देत राहिलो.

त्या तारेला लागूनच डायोड होता. आता हे तुम्हाला थोडं समजून घ्यावं लागेल. रेडिओला हवेतून जे मिळतं, त्यातून आवाज वेगळा काढायचं काम एका इवल्याशा काचेच्या नळीकडं असतं — तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. तो डायोड. जुन्या सेटमध्ये तो जर्मेनियमचा. जर्मेनियम फार नाजूक. त्याच्या जवळपास गरम सोल्डर न्यायचं तर आधी त्याची तार चिमट्यानं धरायची, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते, आत जात नाही. हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. त्या दिवशी चिमटा समोर पडला होता. माझा एक हात तारेत, एक सोल्डरवर, आणि कान साहेबांकडं.

फोन संपला. रेडिओ लावला. मुका. मीटर लावला — डायोड मेला होता.

चूक झाली. कुणाचीही होते. अजूनपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं, कारण माझ्याकडं दुसरे जर्मेनियम होते. पत्र्याच्या डबीत, कापसात ठेवलेले. असे डायोड आता बनत नाहीत म्हटलं तरी चालेल. बाजारात जर्मेनियम म्हणून देतात ते बरेचदा सिलिकॉनच निघतात, काच तशीच, वर पट्टी तशीच. एक एक मीटरवर लावून बघावा लागतो. आकडा अडीचशे-तीनशेच्या आसपास आला तर जर्मेनियम. सहाशे दाखवला की समजायचं, फसलो. शेकड्यातून निवडून निवडून मी ते थोडे बाजूला काढले होते. कुणासाठी? साहेबांच्या सेटसाठी. त्यांनी सांगितलेलं नव्हतं. माझं मीच ठरवलेलं — की हे साहेबांसाठी.

मी डबी उघडली. हे नीट आठवतंय. उघडली, कापूस बघितला — आणि बंद केली. मग खालच्या खणातल्या पुडीतून साधा सिलिकॉनचा डायोड काढला आणि तात्यांच्या रेडिओत घातला.

सिलिकॉन वाईट असतो का? नाही. भक्कम असतो. पण त्याला जोर लागतो. सिग्नल थोडा दांडगा असेल तरच तो उघडतो. हलका सिग्नल आला तर ढिम्म. जवळच्या, जोरदार स्टेशनला काही कळतसुद्धा नाही. पण लांबचं, अशक्त स्टेशन असेल, तर मोठे आवाज तेवढे फाटके-तुटके पलीकडं येतात आणि बारीक सगळं अलीकडंच राहतं. माझ्या दुकानावर गच्चीपासून लांबलचक एरियल आहे. तिथं तो रेडिओ खणखणीत वाजला. आंबवडं डोंगराच्या कुशीत. तिथं पुणं किती अशक्त येतं, हे मला ठाऊक नव्हतं का? मी तिथंच जन्मलो.

तात्या बाजार करून आले. रेडिओ ऐकला. खूश झाले. पिशवीतली कोथिंबिरीची जुडी मला देऊन गेले.

त्याच रविवारी मी गाडी काढून वेल्ह्यावरून पानशेतला गेलो. साहेबांकडं पुण्याचे पाहुणे आले होते. साहेब म्हणाले, मास्टर, यांना जरा सांगा, जुन्या सेटला डायोड कसा निवडायचा. आणि मी सांगितलं. तळलेले मासे खात खात सांगितलं. वीज सरळ करायच्या जागी सिलिकॉन चालतो, म्हटलं, फक्त तो एकदम जोर देतो म्हणून पुढं एक रेझिस्टन्स घालायचा, नाहीतर जुने भाग दगावतात. पण आवाज वेगळा काढायच्या जागी? तिथं जर्मेनियमच. नाहीच मिळाला तर शॉटकी नावाचा एक प्रकार येतो, तो निदान लवकर उघडतो. साधा सिलिकॉन तिथं कधीही घालू नये. "तो घालणं म्हणजे रेडिओचा गळा दाबणं," असं म्हणालो मी. पाहुणे वाहवा करायला लागले. मीही हसलो. त्या क्षणी मला तात्यांची आठवण झाली का? — झाली. झाली होती. मी अजून एक मासा घेतला.

पुढच्या आठवड्यात दुकानातून घरी येताना तात्यांनी ओसरीवरून हाक मारली. रेडिओ समोर ठेवलेला, पुणे लावलेलं. कुणीतरी अभंग गात होतं. काकू — तात्यांची बायको — आत चुलीपाशी होत्या.

"दिनकरा, जरा बस हितं," तात्या म्हणाले. "ऐक."

मी ऐकलं. गाणारा येत होता, पण घशात चिंधी कोंबल्यासारखा. पखवाज — मोठी थाप पडली की फाटकन यायची आणि मध्ये नुसती पोकळी. बारीक बोल नव्हतेच. एकही नाही. मला पहिल्या ओळीतच कळलं. कुणालाही कळलं असतं.

तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. कधी नव्हे ते घाबरलेले दिसले. म्हणाले, "ती मागची बारीक थाप… तुला येतीया का रं ऐकू?"

बघा. एवढाच प्रश्न. किती सोपं होतं! 'नाही येत, तात्या, माझ्याकडून डायोड गेला, उद्या बदलून देतो.' ते हसले असते. काकूंनी चहा दिला असता. गोष्ट तिथं संपली असती.

मी म्हटलं, "येते की."

"साफ?"

"साफ येते, तात्या."

त्यांनी आत वळून काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मला काय कळतंया त्यातलं, बया. गानं वाजतंय न्हवं?" मग तात्यांनी रेडिओ जवळ ओढला, कान टेकवला. बराच वेळ. मी तिथंच बसून होतो. आणि मग मी, कुणी न विचारता, आणखी बोललो. म्हणालो, "वय होतं, तात्या. बोलणं ऐकू येतं माणसाला. बारीक आवाज पहिले जातात. कानाचं असंच असतं."

इथपर्यंत तुम्ही म्हणाल — भित्रा माणूस, चूक झाकली. मलाही वर्षानुवर्षं असंच वाटून घ्यायला आवडलं. भित्रेपणा बरा. भित्र्या माणसाची कुणाला तरी कीव येते. पण तो भित्रेपणा नव्हता. निदान नुसता नव्हता. ते मघाशी टाळलेलं आता सांगतो.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना पखवाज शिकायला तात्यांकडं गेलो होतो. पावसाळाभर गेलो. मला वेड लागलं होतं त्याचं. शाळेच्या बाकावर, जेवताना ताटावर बोटं चालायची. आणि एक दिवस, मंडळातले सगळे बसलेले असताना, तात्यांनी माझा हात शाईवरून उचलला आणि बाजूला ठेवला. रागानं नाही. अगदी मायेनं. म्हणाले, "हात चांगलाय तुजा. पर कान न्हाई. पखवाज लागलाय का उतरलाय, तुला कळतच न्हाई. तू टाळ धर." कुणी हसलं नाही. बुवांनी — आमचे पेटीवर बसून गाणारे बुवा — टाळ माझ्यापुढं सरकवले. मी ते घेतले. आणि पुढं सगळा जन्म मागच्या ओळीत बसून वाजवले.

तात्या खरं बोलले होते. मला कान नाहीच. माझं दुःख ते नव्हतं; सगळ्यांदेखत बोलले, हे होतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर 'कानाचं असंच असतं' हे वाक्य माझ्या तोंडातून गेलं, तेव्हा आत काहीतरी गोड वाटलं. हेच ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रेडिओला कान लावून बसलेल्या त्या माणसाकडं बघताना मला बरं वाटलं. घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

यानंतर जे झालं ते थांबवता आलं नसतं का? आलं असतं. रोज आलं असतं. पुण्याहून शॉटकी मागवायचा तर कुरियर दोन-चार दिवसांत भोरला येतं. तेही सोडा, डबीतले जर्मेनियम होतेच. मी रोज त्या ओसरीवरून जात होतो. ते रेडिओ लावायचे, थोडं ऐकायचे, बंद करायचे. मग लावणंच कमी झालं.

आणि तात्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. पखवाज पेटीच्या सुरात लावायचा असतो. चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे हातोडीनं ठोकून पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ताणायची, सैल करायची. पूर्वी तात्या दोन-चार ठोके द्यायचे, एकदा थाप मारायचे, झालं. आता ते ठोकत राहायला लागले. थाप मारायची, मान कलती करायची, पुन्हा ठोकायचं. बुवा पेटीवर सूर धरून थांबलेले. मंडळी एकमेकांकडं बघायची. आणि मग एका गुरुवारी त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं! भुवई उचलून विचारलं — लागला का?

कारण त्यांना खरं सांगणारा मीच होतो ना. बाकीचे म्हणायचे, तात्या, कान अगदी ठणठणीत आहेत तुमचे, उगी मनात काय घेता. ते त्यांना पटायचं नाही. लोक बरं वाटावं म्हणून बोलतात, असं त्यांनी धरलं होतं. दिनकर तेवढा तोंडावर बोलला.

मी मान हलवली. लागला. — मला काय कळत होतं? काही नाही. अंदाजानं हलवली. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक भजनाला माझ्याकडं वळायला लागले. मागच्या ओळीतून मी मान हलवायचो, मग भजन सुरू व्हायचं. कधी मी उगीच थोडा वेळ लावायचो. कधी बोटानं दाखवायचो, जरा वर घ्या. ते घ्यायचे. मागच्या ओळीत बसून माझी छाती फुगलेली असायची. सांगायला लाज वाटते, पण फुगलेली असायची.

मग आमचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी दुपारी काल्याचं कीर्तन. बाहेरगावचे कीर्तनकार, मांडव भरलेला, पोरीबाळी माहेरी आलेल्या. तात्यांनी पखवाज पुढ्यात घेतला. लावला. आता मला सांगता येतं — तेव्हा तो अगदी बरोबर लागला होता. हे मला नंतर आमच्या बुवांनी सांगितलं. तात्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

सगळा मांडव बघत होता, की ते माझ्याकडं बघतायत. मी जरा थांबलो. आणि बोट वर केलं. अजून थोडा.

त्यांनी हातोडी मारली. पुन्हा बघितलं. मी पुन्हा बोट वर केलं. आमच्या बुवांच्या कपाळावर आठी दिसली, त्यांनी तोंड उघडलंसुद्धा काही बोलायला. तात्यांनी तिसऱ्यांदा गट्टा ठोकला, आणि पुडी फाटली. कापड टराटरा फाडावं तसा आवाज आला. शाईपासून कडेपर्यंत.

कीर्तनकार भले माणूस होते. म्हणाले, होतं असं, चामडंच ते. कुणीतरी पळत जाऊन दुसऱ्या मंडळातला पखवाज आणला, त्यांचाच पखवाजी बसला. काला झाला, दहीहंडी फुटली, लोक जेवले. तात्या मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसले होते, फाटका पखवाज मांडीवर. काकू आल्या आणि त्यांच्या हाताला धरून घरी घेऊन गेल्या. लहान पोराला नेतात तसं.

त्यानंतर तात्यांनी पखवाजाला हात लावला नाही. पुडी नवी घालून घेतली ती काकूंनी, आणि मग एक दिवस हिर्डोशीचं मंडळ आलं, त्यांना पखवाज देऊन टाकला. मी त्या दिवशी दुकानात होतो. संध्याकाळी आलो तर ओसरीवरची खुंटी मोकळी होती.

मग मी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. 'तात्या, रेडिओ जरा साफ करून देतो' म्हणून घेऊन गेलो. डबीतला सगळ्यात चांगला जर्मेनियम काढला. तार चिमट्यानं धरली. हळू डाग दिला. असं काम मी आयुष्यात कुणाचं केलं नसेल. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर लावला. सूर असे लागले, की काकूसुद्धा चुलीपासून उठून दारात आल्या. मागं कुणीतरी पखवाज वाजवत होतं. एक एक बोल, बोट टेकवून सोडलेलं, सगळं.

मी तात्यांकडं बघत होतो. मला वाटलं, आता. आता कळेल यांना. आणि मला काही सांगावंही लागणार नाही. — बघा, तेव्हासुद्धा मी हेच बघत होतो की मला सांगावं लागू नये.

तात्यांची बोटं गुडघ्यावर हलली. दोन आवर्तनं हलली. मग थांबली.

"येतंय का, तात्या? बारीक?"

"येतंय," ते म्हणाले. "पर खरं न्हाई ते."

"म्हणजे?"

"हा अभंग म्या लई येळा ऐकलाय. कुठं काय वाजतं, ठावं हाय. कान न्हाई ऐकत, डोकं ऐकतंय." आणि हसले. "तू म्हनला व्हतास ना. बंद कर ते."

मी काय म्हणालो? विचारा ना, काय म्हणालो. मी रेडिओ बंद केला.

त्या दिवशी सगळं माझ्या हातात होतं. जळलेला डायोड, चुकीचा डायोड, बरोबरचा डायोड. ते सांगितलं असतं तर त्या माणसाला त्याचे कान परत मिळाले असते. पण मग मला हेही सांगावं लागलं असतं, की मांडवात बोट वर का केलं. डायोडचं कबूल करता येतं. बोटाचं कसं करायचं? मी चहा घेतला आणि घरी गेलो. पुढं अशीच वर्षं गेली. काकू गेल्या. तात्या भजनाला यायचे, पण देवळाच्या पायरीवर बसायचे, आत नाही. मी आत टाळ वाजवायचो. नवा पखवाजी आला. बरा वाजवतो म्हणतात. मला कळत नाही.

यंदा भात पोटरीला आला तेव्हा आमचे बुवा वारले. त्यांच्या दहाव्याला घाटावर बसलो असताना कुणीतरी जुनं काढलं, आणि तेव्हा ऐकलं मी — बुवा मरायच्या आधी म्हणत होते, की त्या दिवशी तात्यांचा पखवाज अगदी सुरात होता, वर कशाला घेतला कुणास ठाऊक. हे त्यांनी मलाही एकदा सांगितलं होतं, माझ्या डोळ्यांत बघून, आणि पुढं काहीच विचारलं नव्हतं. आता ते जाणणारा माणूस गेला. उरलो मी. मी घाटावरूनच सरळ तात्यांच्या घरी गेलो. ठरवून गेलो. सगळं सांगायचं. बोटाचंही.

तात्या ओसरीवर होते. फार वाळलेत. त्यांची सून धुणं वाळत घालत होती, शेजारची माणसं अंगणातून येत-जात होती. मी पायाशी बसलो. म्हटलं, "तात्या, एक बोलायचं होतं."

"आँ?"

"बोलायचं होतं, म्हटलं."

त्यांनी कानामागं हात धरला. सून दोरीपासूनच ओरडली, "मोठ्यानं बोला भावजी, आता कायबी ऐकू येत न्हाई त्यांना. पार गेलंय. वरडावं लागतं."

पार गेलंय. आता खरोखर. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि म्हणाले — बहिऱ्या माणसासारखं, गरजेपेक्षा मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं — "तू म्हनला व्हतास दिनकरा, तसंच झालं बघ. सगळ्यात आदी तू वळीखलंस. बाकी समदे खोटं बोलत व्हते मला."

सून माझ्याकडं बघून कौतुकानं हसली.

ओरडायचं होतं फक्त. अंगणात चार माणसं होती. ओरडून सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं, आणि तात्यांनाही कळलं असतं. त्यांना एवढं तरी कळलं असतं, की ते बारीक बोल खरे होते, ऐकत होते ते त्यांचेच कान, आणि पखवाज लागला होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. डायोड, डबी, मासे, ओसरी, मांडव, बोट. पण हळू. ओठांतल्या ओठांत, रोजच्या गप्पा माराव्यात तसं, समोरच्या भातखाचराकडं बघत. सुनेलाही ऐकू गेलं नाही. तात्या माझ्याकडं बघून मधूनमधून मान हलवत होते. माझं बोलणं संपलं हे त्यांना माझे ओठ थांबले तेव्हा कळलं.

"व्हय," ते म्हणाले. "औंदा भात लई चांगला आलाय."

"हो," मी म्हटलं. तेवढं मात्र ओरडून म्हटलं.